कऱ्हेकाठची नाममुद्रा

बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं की काटेवाडीच्या आसपास कन्हेरी येतं. गाव उसाचं आणि देव मारुती. या मारुतीला राज्यभर ओळख मिळाली ती प्रचाराच्या नारळामुळे. पवार कुटुंबातलं कुणी निवडणुकीला उभं राहिलं की पहिला नारळ इथे फुटतो, ही जुनी रीत. 2023 मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष दुभंगला, कुटुंबही दुभंगलं, तरी 2024 मध्ये दोन्ही बाजू याच मारुतीपुढे हात जोडून गेल्या. मारुतीने कुणाला कौल दिला ते त्याचं त्यालाच ठाऊक.

त्या वर्षीच्या 6 फेब्रुवारीला निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि घड्याळ एका गटाच्या पदरात टाकलं. दुसऱ्या गटाला दुसऱ्याच दिवशी नवं नाव घ्यावं लागलं आणि 22 फेब्रुवारीला 'तुतारी वाजवणारा माणूस' हे चिन्ह मिळालं. नवं नाव कसं केलं? जुन्याच नावापुढे एका माणसाचं नाव जोडून. नाव, चिन्ह, घोषणा यांचं मोल काय असतं आणि ते हातातून गेलं की किती धावपळ होते, हे या तालुक्यातल्या पारावरच्या माणसाला एखाद्या जाहिरात कंपनीइतकंच नीट कळतं.

मी कन्हेरीला गेलो तो राजकारणासाठी नव्हे. लेखक आणि प्रकाशक आपली नावं कशी ठरवतात, घोषवाक्यं कुठून आणतात, हा माझा विषय. त्यासाठी पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात बसायचं सोडून इकडे कशाला, असं विचारणारे भेटले. उत्तर कऱ्हेत आहे. बारामती शहरातून कऱ्हा वाहते आणि पुढे तालुक्यातच नीरेला मिळते. फार पाणी नसलेल्या या नदीच्या काठी मराठीतले तीन लेखक होऊन गेले, आणि तिघांनाही स्वतःचं नाव वाचकाच्या डोक्यात कसं बसवायचं याची पक्की जाण होती.

पहिले श्रीधरस्वामी नाझरेकर. यांचं 'शिवलीलामृत' बारामतीत पुरं झालं, शके 1640 मध्ये. ग्रंथाच्या अखेरीस त्यांनी स्थळ नोंदवलंय, पण बारामतीला संस्कृतचा साज चढवून 'द्वादशमती' केलंय. आजचा प्रकाशक पहिल्या पानामागे छापतो ती सगळी माहिती, म्हणजे गाव, साल, महिना, तिथी, वार, श्रीधरांनी ओवीत दिली. त्यांच्या ग्रंथांची नावं एका ओळीत मांडून पाहा. 'हरिविजय', 'रामविजय', 'पांडवप्रताप', 'शिवलीलामृत'. पहिल्या शब्दात कुणाची गोष्ट ते कळतं, दुसऱ्यात ती ऐकून काय वाटेल ते. गावच्या देवळात पोथी लागणार, ऐकणाऱ्यांत बहुतेकांना अक्षरओळख नाही, अशा वेळी नाव कानाला कळलं पाहिजे. कानाला कळणारं नाव हा निकष आजही मोडीत निघालेला नाही. फोनवर सांगितलेलं प्रकाशनाचं नाव समोरच्याने दोनदा विचारलं तर ते नाव बदलावं, असं माझं सरळ मत आहे.

आणि घोषवाक्य? श्रीधरांकडे फलश्रुती आहे. हा ग्रंथ वाचला तर काय मिळेल, किती आवर्तनं केली तर काय होईल, याचं रोखठोक आश्वासन. मलपृष्ठावर आज आपण जे छापतो त्याची ही मराठीतली मूळ जात म्हणावी. फरक एवढाच, की फलश्रुतीवर विश्वास ठेवून लोकांनी खरोखर पारायणं केली. 'शिवलीलामृता'चा अकरावा अध्याय तर इतका चालला की त्याची वेगळी पुस्तिका निघाली आणि ती आजही देवळाबाहेरच्या दुकानात बेलफुलांच्या शेजारी मिळते. तीनशे वर्षं एखादं आश्वासन ग्राहकाने परत केलं नाही, याला व्यापारात फार मोठी गोष्ट मानतात.

दुसरे मोरोपंत. मोरोपंत रामजी पराडकर, जन्म पन्हाळ्याचा, 1729 सालचा. बारामतीच्या बाबूजी नाईकांच्या आश्रयाने इथे आले आणि 1794 पर्यंत इथेच राहिले. नाईकांचा वाडा कऱ्हेकाठी अजून उभा आहे. मोरोपंतांनी स्वतःला 'मयूर' म्हणवून घेतलं. मोरो या घरच्या नावातूनच मोर आला. काव्याच्या शेवटी नाव गुंफायची रीत संतांपासूनची, त्यात नवं काही नव्हतं. नवं पुढेच आहे. देवाला घातलेल्या सादेचं काव्य लिहिलं तेव्हा त्याचं नाव 'केकावली' ठेवलं. मोराच्या ओरडण्याला केका म्हणतात, तेव्हा 'केकावली' म्हणजे मोराच्या आर्त हाकांची माळ. कवीचं नाव मोर, देव मेघश्याम, मेघ पाहून मोर ओरडणार हे ठरलेलंच, आणि पुस्तकाचं नाव त्या ओरडण्याचं. लेखकाचं नाव, पुस्तकाचं नाव आणि पुस्तकातला मजकूर एकाच धाग्यात ओवलेले. मलपृष्ठावरून लेखकाचं नाव खोडलं तरी पुस्तक कुणाचं ते कळावं, इतकी पक्की वीण. असं दुसरं उदाहरण मराठीत मला सापडलेलं नाही.

त्यांच्या 108 रामायणांकडे पाहिलं तर हा माणूस नावांच्या बाबतीत किती सावध होता ते कळतं. गोष्ट एकच, गिऱ्हाईकही तेच. मग 108 वेळा विकायची कशी? प्रत्येकाला वेगळा नियम आणि नियमाचंच नाव. 'मंत्ररामायण', 'परंतु रामायण', 'निरोष्ठ रामायण'. 'परंतु रामायणा'त प्रत्येक पद्यात 'परंतु' हा शब्द. 'निरोष्ठा'त ओठ जुळवून उच्चारायचं अक्षरच वर्ज्य, म्हणजे प, फ, ब, भ, म बाद. आता रामायण लिहायचं आणि 'म' वापरायचा नाही! नियम पाळायचा तर नायकाचं नावच घेता येत नाही, आणि कवीला 'मयूर' अशी सहीही करता येत नाही. कसरत आहे, काव्य किती हे रसिकांनी ठरवावं. मला स्वतःला ही रामायणं सलग वाचवत नाहीत. पण नाव वाचल्याबरोबर आत काय आहे ते कळतं आणि उघडून पाहायची खुमखुमी येते, हे मान्य करावंच लागतं.

तिसरे आचार्य अत्रे. हे कऱ्हेच्या वरच्या अंगाचे, सासवडजवळच्या कोडीतचे. आत्मचरित्राचं नाव 'कऱ्हेचे पाणी'. स्वतःचं नाव, पदवी, पराक्रम, काही नाही; गावची नदी. अत्र्यांसारख्या माणसाने शीर्षकात स्वतःला मागे ठेवावं हा विनोद नव्हे, हिशेब आहे. मुखपृष्ठावर 'अत्रे' हे नाव होतंच, ते दोनदा कशाला खर्च करायचं? विडंबनकाव्यासाठी मात्र त्यांनी 'केशवकुमार' हे नाव घेतलं. आधुनिक मराठी कवितेचे अध्वर्यू कृष्णाजी केशव दामले 'केशवसुत' झाले होते. अत्र्यांच्या वडिलांचं नावही केशवच. म्हणजे नाव शंभर टक्के खरं आणि तरीही कवितेचं पहिलं विडंबन नावातच उरकलेलं. कवी आपल्या संग्रहांना नाजूक फुलांची नावं देत होते, यांनी 'झेंडूची फुले' दिलं. घोषवाक्याचं म्हणाल तर 'गेल्या दहा हजार वर्षांत' हे शब्द उच्चारले की पुढचं वाक्य कुणाचं ते महाराष्ट्राला सांगावं लागत नाही. अतिशयोक्तीसुद्धा सातत्याने केली की सही होते.

या तिघांपुढे आजच्या डीटीपीच्या दुकानातलं दृश्य ठेवून पाहा. बारामतीत काय आणि इंदापुरात काय, लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स आणि कवितासंग्रह एकाच संगणकावर तयार होतात. कविता अजून पुऱ्या झालेल्या नसतात. पण प्रकाशनाचं नाव, चिन्ह, घोषवाक्य आणि फेसबुकचं पान तयार असतं. चिन्हात बहुधा उघडं पुस्तक, त्यातून निघणारं पिंपळाचं पान किंवा मोरपीस. (बारामतीत मोरपिसाला निदान वारसाहक्क तरी आहे.) घोषवाक्यात 'शब्द', 'संस्कार', 'ज्ञान' आणि 'प्रवास' यांपैकी दोन शब्द असतातच. ते वाक्य कुठल्याही दुसऱ्या प्रकाशनाच्या नावाखाली चिकटवलं तरी कुणाला काही फरक कळणार नाही. मग ते नाहीच असं समजायला हरकत नाही.

मराठी लेखकाला खरं तर नावाची तयार खाण मिळालेली आहे, आणि ती 'कर'ची. पराडकर, नाझरेकर, शिरवाडकर, खानोलकर. गाव आडनावातच बसलेलं. चंद्रकांत सखाराम चव्हाण नावाच्या गृहस्थांनी रहस्यकथा लिहायला घेतल्या तेव्हा ते बाबूराव अर्नाळकर झाले, आणि झुंजार, काळा पहाड, धनंजय यांच्या हजारावर कथा त्या नावावर खपल्या. चव्हाण घरोघरी होते, अर्नाळकर एकच.

उलटंही घडलंय. ज्यांनी 1909 मध्ये 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढून ही सगळी परंपराच सुरू केली, ते काशिनाथ रघुनाथ मित्र मूळचे आजगावकर. बंगाली साहित्यावर जीव, म्हणून 'मित्र' हे बंगाली आडनाव घेतलं. म्हणजे वाचकहो, दिवाळी अंक या प्रकाराचा जनकच टोपणनावाने वावरत होता.

टोपणनाव म्हणजे लपणं, हा समज अर्धाच खरा. राम गणेश गडकऱ्यांनी नाटकं स्वतःच्या नावावर लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. कोण लिहितंय ते सगळ्यांना माहीत होतं. नावं वाचकासाठी होती: आज हसायचंय की रडायचंय हे त्याला आधी कळावं. शिरवाडकरांनी तीच विभागणी केली, कविता कुसुमाग्रजांच्या आणि नाटकं वि. वा. शिरवाडकरांची. गोविंद हा गडकऱ्यांचा धाकटा भाऊ, कुसुम ही शिरवाडकरांची धाकटी बहीण. घरातल्या लहानग्यांच्या नावाने मोठी झालेली ही नावं. चिं. त्र्यं. खानोलकर कवितेत 'आरती प्रभू' झाले. जयवंत दळवींनी 'ललित'मध्ये 'ठणठणपाळ' उभा केला आणि वसंत सरवट्यांनी त्याच्या हाती भलाथोरला लाकडी हातोडा दिला. नाव, चित्र आणि काम तिन्ही जुळलेली. तो हातोडा पाहिला की आज कुणाच्या टाळक्यात बसणार, अशी उत्सुकता लागायची. चिन्ह हे असं लागतं. लेखनाने आधी वार केले, चित्र नंतर त्या वारांचं झालं.

प्रकाशकांकडे वळलं की वेगळीच गंमत दिसते. जुने लोक सरळ आडनाव लावत. ढवळे, परचुरे, देशमुख आणि कंपनी. पुस्तकात चूक निघाली तर कुणाच्या दारात जायचं हे पाटीवरच लिहिलेलं. रा. ज. देशमुखांच्या त्या 'कंपनी'ने खांडेकरांची 'ययाति' काढली आणि 1963 मध्ये नेमाड्यांची 'कोसला'ही काढली. दोन्हींना ते नाव चाललं. इंग्रजी नावांचंही कुणाला वावडं नव्हतं. गणेश भटकळांनी 1924 मध्ये मुंबईत 'पॉप्युलर बुक डेपो' काढला आणि पुढे रामदास भटकळांनी त्याच 'पॉप्युलर' नावाखाली मराठी साहित्य छापलं, त्यात लोकप्रियतेची पर्वा न करणारे कवीही आले. पुण्यात अनंतराव कुलकर्ण्यांचं 'कॉन्टिनेन्टल' होतं, आणि त्यांच्याकडून 1967 मध्ये आलेली 'मृत्युंजय' खेड्यापाड्यांत पोचली. कर्णाची गोष्ट वाचताना 'कॉन्टिनेन्टल' म्हणजे काय, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही. फुटपाथवर पुस्तकं विकत वर आलेल्या केशवराव कोठावळ्यांच्या 'मॅजेस्टिक'चं नाव गिरगावातल्या सिनेमागृहाचं. नाव कुठून का येईना, आतला माल त्याला अर्थ देत जातो. 'सत्यकथा' हे नाव आज नव्याने वाचलं तर पोलीस चौकीतल्या कहाण्यांचा अंक वाटेल. पण श्री. पु. भागवतांच्या हाताखाली ते मराठी नवसाहित्याचं सर्वात कडक प्रमाणपत्र झालं, इतकं की 1969 मध्ये बंडखोर तरुणांनी त्याची होळी केली. ज्या नावाची होळी करावीशी वाटते ते नाव नक्की झालेलं असतं.

इंग्लंडमध्ये ॲलन लेन यांनी 1935 मध्ये सहा पेन्सांत कागदी बांधणीची पुस्तकं काढली, तेव्हा 'पेंग्विन' हे नाव त्यांच्या ऑफिसातल्या सेक्रेटरीने सुचवलं आणि एका तरुण कर्मचाऱ्याला पक्षी रेखाटायला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात धाडलं गेलं. आधी जर्मनीतून 'अल्बाट्रॉस' निघालेलंच होतं, म्हणजे पक्ष्याची कल्पनाही उसनी. आपल्याकडे 'राजहंस' आहे, 1952 चा. त्याला मात्र नीरक्षीरविवेकाचं ओझं जन्मापासून वाहावं लागलं.

घोषवाक्याच्या बाबतीत मराठीतली सर्वात धारदार उदाहरणं नियतकालिकांची आहेत. 'केसरी'च्या शिरोभागी जगन्नाथ पंडितांचा संस्कृत श्लोक असे, त्यात हत्तीला सिंहाचा धाक घातलेला. कोण हत्ती आणि कोण सिंह, हे सरकारला भाषांतर करून सांगावं लागलं नसणार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' काढलं तेव्हा शिरोभागी तुकारामांचा अभंग घेतला, 1927 च्या 'बहिष्कृत भारत'वर ज्ञानेश्वरांच्या ओव्या. ज्यांना देवळाबाहेर ठेवलं त्यांच्या पत्रावर मराठीतले सर्वमान्य शब्द, आणि त्यांना उत्तर द्यायची सोय कुणाकडे नाही. पुढची नावं पाहा: 'जनता' 1930 मध्ये, 'प्रबुद्ध भारत' 1956 मध्ये. मूक, बहिष्कृत, जनता, प्रबुद्ध. या चार नावांत छत्तीस वर्षांच्या चळवळीचा इतिहास येतो, आणि प्रत्येक नाव त्या त्या वेळी खरं होतं. 1920 मध्येच 'प्रबुद्ध' म्हणून सुरुवात करता आली असती. ती झाली नाही.

'ग्रंथाली'ने घोषवाक्य नावालाच जोडलं: वाचक चळवळ. चळवळ म्हटल्यावर गावोगाव पुस्तकं घेऊन जावं लागतं, ते त्यांनी केलं, आणि 1978 मध्ये दया पवारांचं 'बलुतं', 1980 मध्ये लक्ष्मण मान्यांचा 'उपरा' काढून त्या शब्दाचं भाडं भरलं. घोषवाक्य म्हणजे वाचकाने वसूल करायची हुंडी, असं मला वाटतं. 'दर्जेदार साहित्याचे विश्वसनीय दालन' या वाक्यातून काय वसूल करणार?

बारामतीकरांपुढे अलीकडचं एक उदाहरण आहेच. शरद पवारांचं आत्मकथन मराठीत 'राजहंस'कडून 2015 मध्ये आलं, नाव 'लोक माझे सांगाती'. इंग्रजीत तेच आयुष्य 'ऑन माय टर्म्स' या नावाने. मराठी वाचकापुढे लोक पुढे केले, इंग्रजी वाचकापुढे स्वतःच्या अटी. दोन बाजारांत दोन चेहरे ठेवण्याचं इतकं स्वच्छ उदाहरण शिकवणीलाही मिळणार नाही. 2 मे 2023 ला या पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीच्या प्रकाशनातच त्यांनी पक्षाध्यक्षपद सोडत असल्याचं जाहीर केलं आणि सभागृहातले सांगाती रडू लागले. पुस्तकाचं नाव त्या दिवशी जितकं चर्चेत आलं तितकं कुठल्याही जाहिरातीने आलं नसतं.

आता समजा, कन्हेरीतल्याच कुणा शिक्षकाला किंवा शेतकऱ्याच्या लेकीला प्रकाशन काढायचंय आणि गावाचं नाव द्यायचंय: 'कन्हेरी प्रकाशन'. चांगलं की वाईट? नाव छोटं आहे, कानाला गोड आहे. अडचण पहिली, मोबाइलवर शोधलं की बोरिवलीची लेणी वर येणार, आणि गाव बऱ्याच पानांनंतर. दुसरी, लिहिण्याची. कुणी कन्हेरी लिहितं, कुणी कण्हेरी. तिसरी कायद्याची. 1999 च्या ट्रेड मार्क्स कायद्यात नुसत्या स्थळनामाची आणि वर्णनपर शब्दांची नोंदणी सहसा होत नाही. ठिकाणाच्या नावाखाली सातत्याने काम करून ते आपलं झाल्याचं दाखवावं लागतं. 'प्रकाशन' हा शब्द तर सगळ्यांचाच. छापील पुस्तकांसाठी सोळावा वर्ग; ई-पुस्तकं काढायची तर नववा, प्रकाशनसेवेसाठी एकेचाळिसावा. एकट्या व्यक्तीला ऑनलाइन अर्जाला दर वर्गामागे साडेचार हजार रुपये, आणि नोंदणी दहा वर्षांची. अर्जाआधी सरकारी संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. चिन्हकाराला पैसे देण्याआधी हे करावं, नंतर नव्हे. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव व्यापारी नावात घालायचा मोह आपल्याकडे फार. 1950 च्या बोधचिन्हे व नावे कायद्याने त्याला केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय मनाई आहे. हयात किंवा गेल्या वीस वर्षांत निवर्तलेल्या माणसाचं नाव वापरायचं तर संमती मागितली जाऊ शकते. नियतकालिक काढणार असाल तर शीर्षक वेगळं मंजूर करून घ्यावं लागतं. 1867 च्या जुन्या कायद्याच्या जागी मार्च 2024 पासून नवा आलाय.

पुस्तकाच्या शीर्षकावर मात्र कॉपीराइट नसतो. 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'देसी बॉईज' या चित्रपटाच्या नावावरून झालेल्या खटल्यात हे स्पष्ट केलं. दावा करणारे लेखक देवकत्ते आडनावाचे, आपल्याकडचेच. म्हणजे उद्या कुणी 'कऱ्हेचे पाणी' नावाचा कवितासंग्रह काढला तर कायदा त्याचा हात धरणार नाही. वाचक धरतील.

मग त्या लेकीने नाव काय ठेवावं? मला विचारलं तर आधी स्वतःच्या नावावर दोन पुस्तकं काढ असं सांगेन, मुद्रित तपासणी डोळ्यांत तेल घालून कर, आयएसबीएन घे. तो राजा राममोहन रॉय एजन्सीकडून विनामूल्य मिळतो. नाव अक्षरांत कसं दिसतं ते एखाद्या चांगल्या अक्षरकाराकडून काढून घे, संगणकातला पहिला फाँट उचलू नकोस. कमल शेडग्यांनी नाटकांच्या जाहिरातींत केलेलं अक्षरलेखन आठव. नुसत्या वळणावरून नाटकाची जात कळायची. आणि घोषवाक्याची जागा सध्या कोरीच ठेव. चार-पाच पुस्तकं झाली की तुझ्या पुस्तकांबद्दल लोक काय बोलतात ते कानावर येईलच. एसटीत, ग्रंथालयात, एखाद्या मास्तरांच्या तोंडून. त्यातलं जे वाक्य दुसऱ्या कुठल्याच प्रकाशनाला लागू पडत नसेल ते उचल, आणि मग साडेचार हजार भर.